आरामखुर्चीतला तांडेल

हृदयाचा झटका येऊन माणूस मेला, तर आमच्या बेटावर लोक दोन-चार दिवस रडतात, केक-बिस्किटं आणून ठेवतात आणि आपापल्या कामाला लागतात. वाचला तर मात्र त्याची धडगत नाही. मग त्याला अख्खं गाव मिळून सांभाळतं. एल्डन क्रोवेल वाचला, ही त्याची चूक.

सप्टेंबर संपत आला होता. शेडमध्ये बसून तो सापळ्यांचे तरंगते बोये रंगवत होता आणि तिथेच आडवा झाला. मर्ना, त्याची बायको, रंगाचा वास फार येतोय म्हणून ओरडायला गेली, म्हणून तो सापडला. हॅलिफॅक्सच्या मोठ्या इस्पितळात नेऊन छाती उघडली, बायपास केलं, तारेने शिवून परत पाठवलं. सोबत एक उशी दिली, बदामाच्या आकाराची, लाल. खोकला आला की ती छातीशी धरायची. आणि ताकीद दिली, की दुधाच्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही.

सोळाव्या वर्षापासून शेवंडांचे, म्हणजे लॉब्स्टरचे, सापळे उचलणारा हा गडी. पन्नाशी उलटली तरी त्याच्या हाताखालचे खलाशी दुपारपर्यंत कंबर धरायचे आणि हा सँडविच खात गाणं म्हणायचा. त्याला आता दुधाची बाटली.

बरं, गावाने तरी जरा उसंत द्यावी? छे! तो बूट शोधेपर्यंत कोणीतरी त्याची लाकडं फोडून भिंतीला रचून गेलेलं असायचं. बर्फ पडायच्या आत अंगणात फावडं वाजायचं. छपराचा पत्रा बसवला, ट्रकचं तेल बदललं, कुणीतरी तर त्याच्या शेडमधले उरलेले बोयेही रंगवून टाकले, आणि तेही चुकीच्या नारिंगी रंगात. एल्डन दारात उभा राहून "थँक यू" म्हणायचा. दुसरं म्हणणार काय? चांगुलपणाला शिवी देता येत नाही. पण अति तिथे माती, हे या लोकांना कोण सांगणार?

आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. "काय एल्डन, कसं काय?"

"मस्त. एकदम मस्त."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमच्या बेटाचा धर्मच आहे. पाय तुटला तरी माणूस "जरा लचकलाय" म्हणेल.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे हंगाम सुरू होतो. त्या दिवशी सगळ्या बोटी सापळ्यांचे डोंगर लादून पहाटे एकदम निघतात, आणि बायका, पोरं, म्हातारेकोतारे, सगळं गाव धक्क्यावर जमतं. एल्डनची बोट या वर्षी त्याची मुलगी शेल्बी नेणार होती. बाप आजारी म्हणून तिला सरकारी परवानगी मिळाली होती. पोरगी तयारीची, बापाच्याच हाताखाली शिकलेली. प्रश्न तिचा नव्हताच.

एल्डनसाठी धक्क्यावर कुणीतरी घडीची खुर्ची आणली, पायावर पांघरूण घातलं. बसला बिचारा पांघरूण घेऊन, आजीबाईसारखा. शेल्बीच्या बोटीवरून एक दोर सुटून धक्क्यावर पडला. एल्डन उठला, वाकला, दोर हातात घेतला. दोर काय, दोन किलोचाही नसेल. तेवढ्यात शेजारच्या बोटीचा तांडेल व्हर्जिल नेवेल धावत आला आणि त्याने तो दोर त्याच्या हातातून हिसकावला.

"सोड रे बाबा! मरशील ना! आज कुणाला वेळ आहे तुला पुरायला?"

सगळे हसले. एल्डनही हसला. मग खुर्चीत जाऊन बसला, आणि बोटी गेल्यावरही बसून राहिला. मर्नाने दोनदा हाक मारली तेव्हा उठला.

त्या दिवसापासून त्याच्यात काहीतरी बसलंच. खचलं, विझलं, काय म्हणाल ते म्हणा. सकाळी जाग आली की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. दुखणं नव्हे, दुखणं त्याला चांगलं माहीत होतं. नुसतं ओझं. अंघोळ करायची म्हणजे डोंगर चढायचा. हॅडक मासा तळलेला असो की उकडलेला, तोंडात कापूस. मर्ना म्हणायची, "ऑपरेशनचा थकवा आहे. होईल हळूहळू." डॉक्टर यंत्राकडे बघून म्हणायचे, "हृदय छान चाललंय!" हृदय छान चाललं होतं खरंच. माणूस थांबला होता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि ह्या शहाण्याने सांगितलं नाही.

एकच जागा होती त्याला, खिडकीजवळची आरामखुर्ची. आमच्याकडे घरोघरी स्वयंपाकघरात वायरलेस असतो, बोटीवर असतो तसाच. नवरे समुद्रावर काय बोलतात ते बायका भांडी घासता घासता ऐकतात; बोलत मात्र कधी नाहीत, नुसतं ऐकतात. कुणाची बोट कुठे आहे, कोण परत निघालं, बटाटे कधी चुलीवर चढवायचे, सगळं त्यावर कळतं. मर्नाचा वायरलेस फ्रिजवर असायचा. एल्डनने तो उतरवून खुर्चीशेजारच्या स्टुलावर आणला. दिवसभर तो ऐकत बसायचा. शेल्बी कुठे सापळे ओढतेय, कुठे चुकतेय, वारा कसा फिरतोय. एकदाही त्याने माईक उचलला नाही. माईक खुर्चीच्या हातावर लटकत असायचा, गुंडाळलेल्या वायरीसकट.

मर्ना गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसते. एल्डनला घरी एकटं कसं सोडायचं? म्हणून तिने आपल्या आईला, ओरेटाबाईंना, आणून ठेवलं. ओरेटाबाई नव्वदीला आलेल्या, ठार बहिऱ्या. कानातलं यंत्र त्या बटव्यात ठेवतात, बॅटरी वाचावी म्हणून! अशी ही जोडी. त्याच्यावर लक्ष ठेवायला ती आणि तिच्यावर लक्ष ठेवायला तो. ती मोजे विणायची, तो खिडकीबाहेर बघायचा.

डिसेंबरातली गोष्ट. हवा स्वच्छ, वारा पडलेला, सगळ्या बोटी बाहेर. ओरेटाबाईंचा लोकरीचा गुंडा घरंगळत खुर्चीखाली गेला. तो काढायला एल्डन वाकला, लाल उशी सावरली, परत मागे रेलला. या सगळ्या उलथापालथीत माईक घसरला आणि त्याची मांडी आणि खुर्चीचा हात यांच्यामध्ये रुतून बसला. बटण दाबलं गेलं.

आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की वायरलेसचं बटण दाबलेलं असलं की तुम्ही बोलता. तुम्हाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. आणि तुम्ही दाबून बसलात, की त्या चॅनेलवरच्या सगळ्यांची तोंडं बंद, नुसते कान उघडे. दर हंगामात एक तरी गाढव माईकवर बसतं आणि अख्ख्या ताफ्याला त्याचं घोरणं नाहीतर गाणं ऐकावं लागतं. एल्डनने स्वतः आयुष्यभर अशा गाढवांचा उद्धार केलेला. धडधाकट असता तर वायरलेस गप्प झाल्याबरोबर त्याने आधी माईक शोधला असता.

पण तो धडधाकट नव्हता ना. वायरलेस गप्प झाला, आणि त्याच्या मनात आलं ते हे, की गेले. दुसऱ्या चॅनेलवर गेले. म्हाताऱ्याला ऐकवायचा कंटाळा आला त्यांना. आपसात ठरवून गेले असतील, शेल्बीसुद्धा. हे त्याला इतकं खरं वाटलं की त्याने दुसरा विचारच केला नाही.

"ओरेटा," तो म्हणाला, "तुमच्या लेकीने चुकीच्या माणसाला वाचवलंय."

ओरेटाबाईंनी मान वर केली. "चहा नको. आत्ताच झालाय."

"मी शेडमध्ये पडलो होतो ना, तेव्हा बरं वाटलं होतं. खरं सांगतो. गार फरशी, रंगाचा वास. वाटलं, झालं, सुटलो. मग डोळे उघडले तर हॅलिफॅक्स."

"निळीच लोकर घेतली मी. शेल्बीला निळा आवडतो."

"पूल ओलांडून यार्मथ शहराच्या रस्त्याला लागतो ना मी, मंगळवारी आणि शुक्रवारी? मर्नाला वाटतं हृदयाच्या क्लासला जातो. सायकल चालवायची, फिरत्या पट्ट्यावर चालायचं, नर्सबाई नाडी बघते. एकदा गेलो होतो. दारापर्यंत. आतमध्ये सगळे हसत होते. मी ट्रकमध्ये येऊन बसलो. तेव्हापासून दर वेळी ट्रकमध्येच बसतो. वेळ झाली की घरी येतो आणि सांगतो, आज पट्ट्यावर जास्त चाललो. ती किती खूश होते! त्या दिवशी माझ्यासाठी पुडिंग करते. ते पुडिंग गिळताना मला स्वतःची शिसारी येते."

ओरेटाबाई टाके मोजत होत्या.

"आणि गोळ्या. गोळ्या मी चुलीत टाकतो. रोज सकाळी, तुमच्या डोळ्यांदेखत. मरायचं म्हणून नाही हो. मरायलासुद्धा काहीतरी हौस लागते. तळहातावर घेतो, बघतो, आणि वाटतं कशासाठी? कुणासाठी चालवायचं हे इंजिन? बोट पोरगी चालवतेय, लाकडं शेजारी फोडतायत, दोर व्हर्जिल हिसकावतोय. माझं काय काम राहिलंय इथे? खुर्ची तापवायची. मला भीती वाटते, ओरेटा. मरायची नाही. आता असंच राहणार याची. अजून वीस वर्षं ह्या खिडकीत. आतून ओरडतोय मी आणि तोंडातून निघतं, मस्त, एकदम मस्त."

तो रडायला लागला. मोठा गडी, कुणासमोर कधी न रडलेला, लाल उशी छातीशी धरून, कारण रडलं की शिवलेली छाती दुखते, हमसून हमसून रडला. ओरेटाबाईंनी हे मात्र पाहिलं. सुया खाली ठेवल्या, हळूहळू उठल्या, त्याच्या जवळ आल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ये बाळा, ये," त्या म्हणाल्या. "काय म्हणत होतास ते काही कळलं नाही मला."

बाहेर गाडीचा ब्रेक कचकन लागला. मर्ना आत आली ती दुकानाचा एप्रन अंगावर तसाच. कोट नाही, टोपी नाही. एक शब्द न बोलता तिने एल्डनच्या मांडीखाली हात घातला आणि माईक ओढून काढला.

एल्डनने माईककडे पाहिलं. मग वायरलेसकडे. मग मर्नाकडे.

"नाही," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"चुकीच्या माणसाला वाचवलंय, तिथपासून. दुकानात सगळे उभे होते. वायरलेस मी बंद करायला गेले, तर हात उचलेना माझा." तिने नाक एप्रनला पुसलं. "दोन मैल गाडी चालवत आले, आणि गाडीतल्या वायरलेसवरही तूच."

एल्डनला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. आता धक्क्यावर कसा जाणार? चर्चमध्ये, दुकानात, कुठे तोंड दाखवणार? आत्तापर्यंत निदान खुर्चीत कोंडलेला होता. आता अख्ख्या बेटावर कुठे पाऊल टाकायला जागा उरली नाही.

वायरलेस खरखरला. पन्नासेक बोटी आणि तेवढीच स्वयंपाकघरं, सगळी गप्प. मग शेल्बीचा आवाज आला, बारीक.

"डॅड... मी बोट वळवतेय. घरी येतेय."

एल्डनने मर्नाच्या हातातून माईक जवळजवळ खेचलाच. "खबरदार! सापळ्यांची अर्धी रांग पाण्यात सोडून येतेस? डोकं ठिकाणावर आहे का? उद्या दक्षिणेचा वारा फिरणार, सगळे दोर एकमेकांत गुंततील. ती रांग आधी पुरी ओढ, आमिष बदल, मग काय ते कर!"

बोलून झाल्यावर तो दचकला. स्वतःचा असा आवाज त्याने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"ओढते," शेल्बी म्हणाली. रडत होती की हसत होती, कळलं नाही. "पण मग येतेच."

पुन्हा खरखर. आणि मग व्हर्जिल नेवेल.

"एल्डन. ऐकतोयस?"

एल्डनने माईक मांडीवर ठेवला.

"ऐकतोयस, ठाऊक आहे मला. त्या दिवशी तो दोर मी घ्यायला नको होता. घाबरलो होतो मी, म्हणून घेतला." मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती. "माझी हृदयाची झडप बदलली होती ना, सहा वर्षांपूर्वी? त्यानंतर मी वर्षभर कोठारात असायचो. गावाला वाटायचं, व्हर्जिल बापाचा जुना ट्रक दुरुस्त करतोय. मीच तसं पसरवलं होतं. लोक विचारायचे, कुठवर आलं रे काम? मी म्हणायचो, गिअरबॉक्स उघडलाय."

बराच वेळ नुसती धडधड.

"कोठारात ट्रक नव्हता, एल्डन. तो मी आधीच भंगारात विकला होता. आत एक बादली होती. ती पालथी घालून मी तिच्यावर बसायचो. दार आतून लावून. संध्याकाळी हाताला, शर्टाला ग्रीस फासून घरात जायचो. मला वाटायचं जगात असा मी एकटाच नालायक आहे. पुढे शहरातल्या एका डॉक्टरणीने सांगितलं, हा रोग आहे म्हणून, हृदयवाल्यांना होतोच पुष्कळदा, आणि यानेच माणसं गोळ्या टाकतात नि परत पडतात. त्याचं औषध असतं. मी दीड वर्ष घेतलं. माझ्या लोइसलासुद्धा सांगितलं नाही. तिला आत्ताच कळतंय, बहुतेक."

मर्नाने तोंडावर हात ठेवला. लोइस नेवेलचं स्वयंपाकघर इथून चौथं. तिचाही वायरलेस चालू असणार. आमच्याकडे तो बंद असतोच कधी?

मग चॅनेलवर एका बाईचा आवाज आला. चाळीस वर्षांत लोइसचा आवाज वायरलेसवर कुणी ऐकला नव्हता. बटण दाबून बोलायचं असतं एवढं तरी तिला ठाऊक होतं, याचंच आश्चर्य.

"व्हर्जिल," ती म्हणाली, "रोज ते ग्रीस मी साबणाने घासून काढत होते रे तुझ्या शर्टाचं." एवढंच. मग तिचं बटण सुटलं.

मग ताफ्यातून हळूहळू कामाचे आवाज सुरू झाले. कुणी वाऱ्याचं विचारलं, कुणी आमिषाचं. मर्नाने वायरलेसचा आवाज अगदी बारीक केला आणि खुर्चीच्या हातावर बसली. ती चिडली होती. का चिडू नये?

"बहिऱ्या बाईला सांगितलंस. चुकून का होईना, गावाला सांगितलंस. मला नाही."

"मर्ना..."

"रोज विचारते मी! रोज! एकाच घरात, एकाच बिछान्यात. मी काय परकी आहे? मला का नाही सांगितलंस?"

एल्डनने उशी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "रात्री तू माझ्या नाकाखाली बोट धरतेस."

मर्ना त्याच्याकडे वळली.

"श्वास चालू आहे का बघायला. एकदा नाही, तीन-तीनदा उठतेस. आणि चालू असला की देवाचे आभार मानतेस, पुटपुटत. त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू, की मला तो श्वास नकोसा झालाय?"

"तू जागा असतोस?"

"रोज."

"मग बोलला का नाहीस? मी तिथे अंधारात मरणाच्या भीतीने..." तिने त्याच्या खांद्यावर एक फटका मारला, चांगला जोरात, ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याला जोरात हात लावला. मग तिथेच कपाळ टेकून ती रडली. एल्डनने लाल उशी बाजूला टाकली आणि तिला छातीशी धरलं. दुखलं, पण धरलं.

ओरेटाबाई दोघांकडे बघत होत्या. त्यांनी बटव्यातून यंत्र काढून कानात घातलं.

"आता कुणीतरी मला सांगेल का," त्या म्हणाल्या, "काय झालंय?"

मर्नाने डोळे पुसले आणि एल्डनकडे पाहिलं. सांगणार तर हाच, ती सांगणार नव्हती. एल्डनने खुर्ची सासूबाईंकडे वळवली.

"ओरेटा," तो म्हणाला, मोठ्याने, बहिऱ्यांशी बोलतात तसं, "मी आजारी आहे."